आईची साखर आणि मामाचा मध

मामाची गिरणी बंद पडून वर्ष होत आलं होतं. आमच्याकडे मुलुंडला आला की तो खुर्चीवर बसत नसे, दारातच उभा राहायचा. आई "बस रे" म्हणायची, तो नुसती मान हलवायचा आणि उभ्यानेच चहा पिऊन, कप खिडकीत ठेवून निघून जायचा. आई मग गॅलरीत जाऊन तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. तो तिचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून बराच लहान. गावाहून तिनेच त्याला मुंबईत आणलं होतं आणि माझ्या वडिलांनी त्याला गिरणीत चिकटवलं होतं. वडील जाऊन आता काही वर्षं झाली होती. मामाने लग्न केलं नव्हतं. भांडुपला टेकडीच्या उतारावर एका खोलीत तो एकटाच राहायचा, आणि त्या वर्षात तो कुणाशी धड चार वाक्यं बोललेला मला आठवत नाही.

मग मधे बरेच दिवस तो आलाच नाही. आई रोज विचारायची, भांडुपला जाऊन बघून ये म्हणायची. मी गेले तर खोलीला कुलूप. शेजारीपाजारी कुणालाच काही माहीत नव्हतं. आम्ही दोघी घरात एकमेकींकडे न बघता वावरत होतो, कारण दोघींच्याही मनात एकच भीती होती आणि ती बोलून दाखवायची हिंमत एकीतही नव्हती.

आणि एका रविवारी तो आला. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट, खांद्याला भरलेली पिशवी. आत येऊन सरळ खुर्चीवर बसला. घाटावर जाऊन मधमाश्या पाळायचं शिक्षण घेऊन आलो म्हणाला. दोन पेट्या आणल्या होत्या, सातेरी म्हणजे आपल्या देशी माश्यांच्या. भांडुपच्या जुन्या गावठाणात एका ख्रिस्ती म्हातारीची वाडी होती. जांभळं, शेवगे, नारळ, एक जुनी विहीर. तिथे त्याने त्या ठेवल्या होत्या. म्हातारीने जागा दिली ती एका अटीवर. तिची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली होती आणि माशीच्या विषाने सांधे मोकळे होतात असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. तर मामाने अधूनमधून चिमट्याने एक माशी उचलून तिच्या सांध्यावर ठेवायची. हे तो हसत सांगत होता. आईसुद्धा हसत होती. मला मात्र हसू आलं नाही. मी घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आणि माशी चावून घसा सुजलेला, श्वास कोंडलेला एक माणूस आमच्या शेजारच्या दवाखान्यात आणलेला मी पाहिला होता. मी मामाला म्हटलं, एखाद्याला ते विष सोसत नाही, म्हातारीला काही झालं तर? तो म्हणाला, "ती आधी एक घेऊन बघते. काय झाला नाय तर दुसरी." त्याचं सगळं त्या दिवशी असंच होतं, मोकळं, कशाचीच काळजी नसलेलं.

त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला आणि आला की बोलत बसायचा. मधाबद्दल, मेणाबद्दल, परागाबद्दल. पोळ्याचा एक तुकडा त्याने आम्हाला दाखवायला आणला होता. काही घरांत मध होता, काहींत पिवळे, केशरी, मातकट रंगाचे घट्ट गोळे बसलेले होते. हा पराग, माश्यांची भाकरी, म्हणाला. मी एक गोळा काढून जिभेवर ठेवला. आंबूस, पिठूळ लागला. यात प्रथिनं असतात आणि अळ्यांना हेच भरवतात असं त्याला शिकवलं होतं. राणीला मात्र वेगळं, दुधासारखं अन्न. तरुण माश्या ते स्वतःच्या डोक्यातल्या ग्रंथीतून काढतात, आणि त्या एका अन्नावर साध्या अळीची राणी होते. परदेशी माश्या झाडांचा चीक गोळा करून पेटीच्या फटी लिंपतात आणि तो चीक जखमेला चांगला असतो. आपल्या सातेरीला ती सवय नाही, असंही तो सांगायचा, थोडा ओशाळून, जणू ती उणीव त्याच्या घरातली होती.

मेण वितळवून, त्यात खोबरेल घालून त्याने आईसाठी मलम बनवलं. तिच्या टाचांना कायम भेगा पडलेल्या असायच्या. ते मलम ती चोळायला लागली आणि भेगा खरंच भरत आल्या. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं होतं ते मधाच्या बाटलीबद्दल.

आईला डायबेटिस होता. वडील गेल्यानंतर तो लक्षात आला. ती गोळ्या घ्यायची, भात कमी केला होता, गोड सोडलं होतं असं म्हणायची. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिची लघवी तपासायचे. काचेच्या नळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, त्यात थोडे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. तेव्हा घरोघरी हेच करत. रक्ताची तपासणी महिन्यातून एकदा, ती मी लॅबमध्येच करून घ्यायचे. नळी उकळत असताना मला कधी शांत उभं राहता आलं नाही. मी ओट्यावरची भांडी इकडची तिकडे करायचे, गॅसचा नॉब बंद आहे का ते परत परत बघायचे. आई मागून म्हणायची, "अगो, तुझाच रक्तदाब तपास एकदा."

त्या पावसाळ्याच्या आधी मामाने पहिला मध काढला. जांभळाचा. गडद, तांबूस, आणि गोडाच्या मागून हलकासा कडू. बाटली आईच्या हातात देताना तो म्हणाला की हा मध साखरेच्या आजारावर आहे. जांभळाच्या बियांची पूड डायबेटिसवर देतात हे तर सगळ्यांनाच माहीत. मग त्याच झाडाच्या फुलांचा मध का नाही? तिकडे घाटावर पर्यटक हाच शोधत येतात म्हणे.

मी लगेच म्हटलं, मध म्हणजे साखरच. वेगळ्या नावाची, पण साखरच. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या पेटीवर रॉकेल ओतलं होतं. आईने विषय बदलला आणि बाटली मांडणीवर ठेवली.

पुढच्या काही दिवसांत नळीतला रंग हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा नारिंगी. आई म्हणायची, काल बटाटा खाल्ला, म्हणून असेल. मी लॅबमध्ये दुसऱ्यांच्या नळ्या उकळत असायचे आणि मनात घरची मांडणी बघत असायचे, बाटलीतली पातळी कुठवर आली असेल ते. घरी आले की चपला काढायच्या आधी आत जाऊन बघायचे. मध खाली जात होता.

मग मी ठरवलं की मामाला दाखवूनच द्यायचं. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी दिवा पेटवला आणि दोघांना ओट्यापाशी बोलावलं. नळीत निळं द्रावण घेतलं, मामाच्याच बाटलीतला मधाचा एक थेंब पाण्यात कालवून टाकला आणि उकळायला धरलं. बघता बघता द्रावण विटकरी झालं आणि तळाशी लाल साका बसला. मी नळी दोघांपुढे धरली. बोलायची गरजच नव्हती असं मला वाटलं.

मामाने वाकून नळी नीट बघितली. मग म्हणाला, "आता आपली घरातली साखर घाल बघू."

मी दुसरी नळी घेतली, डब्यातली चिमूटभर साखर पाण्यात विरघळवली, घातली, उकळली. द्रावण निळंच राहिलं. आणखी उकळलं. निळंच.

कॉलेजात शिकलेलं सगळं मला त्या क्षणी आठवलं, पण उशिरा. उसाच्या साखरेचा बेनेडिक्टवर परिणामच होत नाही. तिचा रेणू दोन साखरांचा जोडलेला असतो, आतड्यात गेल्यावर तो तुटतो आणि मग त्यातली साखर रक्तात जाते. मधात माश्यांनी तो आधीच तोडून ठेवलेला असतो, म्हणून मध लगेच रंग दाखवतो, आणि म्हणूनच तो पचायला हलका, आजारातून उठलेल्या अशक्त माणसाला चटकन ताकद देणारा. पण साखर ती साखरच. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला पटत नव्हता.

मामा म्हणाला, "म्हणजे तुझ्या नळीक साखर कळना नाय."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मीही शेवटी हसले, पण त्या दिवसापासून माझ्या नळीचा त्या घरातला मान गेला.

आणि मग एक चमत्कार झाला. सकाळच्या नळीचा रंग पिवळ्यावरून थेट निळा झाला. दुसऱ्या दिवशी निळा, तिसऱ्या दिवशीही. आई म्हणाली, बघ, जांभळाचा गुण. मी कामावर गेले, पण दिवसभर काही तरी टोचत होतं. संध्याकाळी घाटकोपर स्टेशनवर उभी असताना लक्षात आलं की सकाळी आईने दिलेली लघवीची बाटली हातात घेतली तेव्हा ती गार होती.

घरी आले. आई मोरीपाशी बसून मांदेली साफ करत होती. मी विचारलं, "तू मला पाणी देतेस का गं?"

तिने नाकारलं नाही. एका मांदेलीचं डोकं काढलं, दुसरी घेतली. मग म्हणाली, "तो पिशवीतून बाटली काढतो ना, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघ एकदा. वर्षभर माझा भाऊ दारात उभा होता."

"आणि तुझं काय?"

"माझं काय. चमचाभर तर खाते. त्याच्यासमोर खाते म्हणून त्याला बरं वाटतं. तो गेल्यावर मी हातसुद्धा लावत नाही."

मधाची बाटली तर वेगळंच सांगत होती, कारण तो आता फक्त रविवारी नाही, एक दिवसाआड यायला लागला होता, आणि तो चमचा दर वेळी होता. मी मोरीच्या दारात उभी राहिले आणि ती मासे धूत राहिली. मामाला सांगायचं तर तो पुन्हा त्या कुलपाच्या आड जाईल ही भीती तिला होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती. न सांगायचं तर हे असं रोज बघत बसायचं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. बाटली उचलून माझ्या कपाटात ठेवली. पुढच्या वेळी मामाने दुसरी आणली.

पावसाळा संपता संपता ते घडलं. दुपारची वेळ होती, मला सुट्टी होती. मी केर काढत होते आणि स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत लादीवर मला लाल ठिपके दिसले, एका रेषेत, सारख्या अंतरावर. कुंकू सांडलं असं आधी वाटलं. मी ठिपक्यांच्या मागोमाग गॅलरीत गेले. आई कपडे वाळत घालत होती. मी तिला बसवलं, चप्पल काढली. चपलेचा खिळा तळातून वर आला होता आणि तिच्या करंगळीच्या खाली पायात घुसला होता. ती सकाळपासून तीच चप्पल घालून घरभर फिरत होती. बाजारातही जाऊन आली होती.

"दुखलं नाही तुला?" मी विचारलं.

"नाही गो," ती म्हणाली आणि स्वतःच्याच पायाकडे अशी बघत राहिली की जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

डायबेटिसमध्ये पाय बधिर होतात हे मला माहीत होतं. कितीतरी जणांच्या कागदांवर मी ते वाचलं होतं. आईच्या पायाला हात लावून मी एकदाही बघितलं नव्हतं.

जखम लहान होती. तीन-चार दिवसांत ती काळी पडली, पाय घोट्यापर्यंत सुजला आणि ताप चढला. पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. तिथले सर्जन मधल्या वयाचे, कमी बोलणारे होते. त्यांनी गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी आईची करंगळी काढली. पायाचं मेलेलं मांस खरवडून काढलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, साखर उतरली आणि जखम भरायला लागली तर पाय राहील. नाही तर घोट्याच्या वरून कापायचा विचार करावा लागेल.

मामा पहिल्या दिवशी आला होता. वॉर्डच्या टोकाला उभा राहून त्याने डॉक्टरांचं बोलणं ऐकलं. आईला जेवणात काय काय चालायचं असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मधाचं सांगितलं. सांगावंच लागलं. मी मागे वळून पाहिलं तर मामा निघून गेला होता. त्यानंतर तो आला नाही. आई रोज त्याची चौकशी करायची आणि मी रोज काही तरी बनवून सांगायचे.

साखर उतरत होती. जखम मात्र हलत नव्हती. कडा पांढऱ्या, मध्ये ओल, घाण वास. रोज सकाळी ड्रेसिंग उघडलं की मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघायचे. वॉर्डातल्या एका लोखंडी स्टुलावर बसून दिवस काढायचा, पण मला बसवत नसे. मी जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे, पाण्याची बाटली भरायचे, ती अर्धी असतानाच पुन्हा भरायला जायचे. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणायच्या, पोरी, तुझ्याकडे बघून मला गरगरतं.

एका सकाळी ड्रेसिंग करताना डॉक्टर म्हणाले, "चांगला मध मिळेल का तुमच्याकडे? दुकानातला नको. पोळ्यातला, न तापवलेला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, खायला?

"खायला अजिबात नाही. जखमेवर."

मग त्यांनी मला समजावलं. मध घट्ट असतो, आंबट असतो, तो जखमेतलं पाणी ओढून घेतो आणि जंतूंना तिथे जगणं अवघड होतं. पाठीला जखमा झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या काही रुग्णांवर त्यांनी तो वापरला होता, गुण आला होता. सगळ्यांना येतोच असं नाही, म्हणाले, आणि इन्सुलिनशिवाय तर मुळीच नाही. पण नेहमीचं सगळं करून झालंय, तर हे करून बघू. ते हे सांगत होते आणि मला संताप येत होता, कुणाचा ते मला कळत नव्हतं. ज्या बाटलीसाठी मी घरात भांडले होते तीच आता हा माणूस मागत होता.

आई खाटेवरून म्हणाली, "माझ्या भावाकडे आहे ना."

मी त्याच दुपारी भांडुपला गेले. मामा खोलीत होता. दार उघडं, तो भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला, दाढी वाढलेली. कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या नीट रचून ठेवल्या होत्या. मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"माझ्या हातचा काय एक नको आता तिका," तो म्हणाला. "मी बाटली घेऊन जाय होतंय, आणि ता तिचो पाय खाय होता."

मी त्याच्या समोर बसले. तुझ्या मधाने तिचा खिळा वर आला नाही, हे मला सांगता आलं असतं. तिची साखर बटाट्यानेही वाढत होती, हेही. पण ते अर्धंच खरं होतं आणि त्याला ते लगेच कळलं असतं. म्हणून मी फक्त एवढंच म्हटलं, "तिनेच सांगितलंय तुझ्याकडे जा म्हणून. पाय जायची पाळी आलीय मामा. ऊठ."

तो उठला. बाटल्यांतला मध जुना, त्याला तो नको होता. आम्ही वाडीत गेलो. म्हातारी ओटीवर बसली होती, तिने लांबूनच मामाला कुठे मेला होतास अशा अर्थाचं काही तरी सुनावलं आणि आत जाऊन धुतलेली कळशी आणून दिली. एक पेटी ओस पडली होती. मामा इतके दिवस फिरकला नव्हता आणि मेणकिड्यांनी सगळी पोळी पोखरून, जाळी विणून ठेवली होती. त्याने झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. दुसरी पेटी नांदती होती.

तोंडाला जाळी बांधून त्याने धुराचं भांडं पेटवलं. मी मागे उभी राहून सारखी पाय हलवत होते. त्याने सांगितलं, हलू नको, त्यांना हलणारा माणूस आवडत नाही. मला ते जमेना. एक माशी मनगटावर चावली, मग दुसरी मानेवर. मी ओरडले नाही. माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की वॉर्डात भेटायची वेळ संपायच्या आत पोचायला हवं. मामाने पेटीतून पोळ्याची चौकट उचलून उजेडात धरली. वरच्या बाजूला बंद केलेली, पांढऱ्या मेणाची घरं होती. खालच्या घरांत पिल्लं होती, तिकडे त्याने हात लावला नाही. जेवढा भाग हवा तेवढाच सुरीने कापून घेतला आणि चौकट परत ठेवली. पावसात त्यांनाही खायला लागतं, म्हणाला.

म्हातारीच्या घरात उकळून वाळवलेल्या मलमलीतून त्याने मध गाळला. बाटलीबाहेर एक थेंब सांडला नाही.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी तो थांबला. बाटली माझ्या हातात देऊन परत फिरायला लागला. मी त्याचा दंड धरला आणि तसाच त्याला जिन्यावरून वर नेला. आईने त्याला बघितलं. मग खाटेवरची चादर सारखी करून जागा केली. तो बसला. तिने त्याच्या गालावरून हात फिरवून म्हटलं, "दाढी किती वाढवलीस रे." बाकी त्या विषयावर ती दोघं माझ्यासमोर कधीच बोलली नाहीत.

डॉक्टर रोज जखम धुवायचे, मधात भिजवलेली गॉज भरायचे, वरून कोरडी पट्टी. आई म्हणायची आधी थोडं झोंबतं. झोंबतं हे ऐकून डॉक्टर खूश झाले, म्हणाले, कळतंय म्हणजे पायात जीव आहे. काही दिवसांत वास गेला. मग कडांना लाली आली, आणि तळातून डाळिंबाच्या दाण्यांसारखं नवीन मांस वर यायला लागलं. ते बघायला मला वॉर्डातल्या नर्सने मुद्दाम बोलावलं होतं. पाय राहिला. महिन्याभराने आई घरी आली, नऊ बोटांची, मऊ रबराच्या बांधून घेतलेल्या चपला घालून.

घरी इन्सुलिन मी देत होते. काचेची सिरिंज रोज उकळायची, बाटली शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायची. नंतर नंतर मामाने ते शिकून घेतलं, कारण सकाळी माझी घाई व्हायची. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे असं आई म्हणायची. संध्याकाळी तो तिची पावलं मांडीवर घेऊन, आरसा धरून, बोटांच्या बेचक्यांसकट तपासायचा.

मी एकदा डॉक्टरांना विचारलं की नक्की गुण कशाचा, इन्सुलिनचा की मधाचा. ते म्हणाले, दोन्ही एकदम केलं, आता वेगळं कसं काढणार. मला ते उत्तर पुरलं नाही. मी लॅबमधल्या साहेबांना विचारलं, लायब्ररीत जाऊन जुनी मासिकं चाळली. कुठे मधाची स्तुती, कुठे हसण्यावारी नेलेलं. हा प्रश्न मी त्यानंतर अनेकांना विचारला आहे आणि प्रत्येकाने मला आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर दिलं आहे.

मामाने माश्या सोडल्या नाहीत. ओस पेटी धुऊन, उन्हात तापवून त्यात नवीन वसाहत भरली. मात्र मध विकताना तो आता आधी घरात कुणाला साखरेचा आजार आहे का ते विचारायचा, आणि असला तर बाटली पिशवीतून बाहेरच काढायचा नाही. परागाच्या पुड्याही तो विकायचा, त्या त्याने बंदच केल्या. घाटकोपरच्या एका मुलीला त्या खाऊन अंगभर गांध्या उठल्या होत्या, ते त्याने फारच मनाला लावून घेतलं. लोक म्हणायचे, हा कसला विकणारा. आई त्याच्यावर चिडायची, मग मीच त्याची बाजू घ्यायचे.

त्याच सुमाराला आमच्या बिल्डिंगमधल्या एका घरात नातू झाला. बाळाच्या जिभेला मध लावायचा म्हणून आजीबाई स्वतः आमच्याकडे आल्या. मामा बसलेला होता. हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. त्यात कधी कधी असे जंतू असतात की मोठ्याला काही होत नाही, पण बाळाचं अंग लुळं पडू शकतं. त्याने तेच आजीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या पाच पोरांना चाटवलाय, काही झालं नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. तरी मी देणार नाही."

आजीबाई रागावून गेल्या. मला माहीत होतं की त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतील आणि चाटवतील. मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले, त्यांच्या सुनेला गाठून सगळं पुन्हा समजावून सांगितलं. ती बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती, हो हो म्हणत होती, आणि सासूच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. वर आले तर मामा गॅलरीत उभा होता. त्याने विचारलं, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, हो म्हणाली.

तो म्हणाला, "उद्या परत जा."

मी दुसऱ्या दिवशी परत गेले.